वळिवड्याची मुले आणि दत्तकाचा कागद

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीला थोड्याच वेळात वळिवड्याचे छोटेसे स्टेशन लागते. आज त्या परिसरात गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. कोल्हापुरात ही हकिगत आपल्या पाहुणचाराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्यात खोटे काही नाही. महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाची स्मृतिशिला आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. पण वळिवड्याच्या छावणीने कोल्हापूरच्या भूमीवर एक असा प्रश्नही आणला होता, जो इथल्या दत्तकाच्या दीर्घ परंपरेला कधी पडलाच नव्हता. मूल एका देशाचे, ते वाढते आहे दुसऱ्या देशात, आणि त्याला न्यायला तिसरा देश तयार आहे. अशा वेळी त्या मुलाच्या वतीने बोलायचे कोणी? परदेशातले मूल दत्तक घेण्याची किंवा आपले मूल परदेशी दत्तक देण्याची आजची प्रक्रिया लांबलचक आहे, किचकट आहे, अशी तक्रार सर्रास होते. त्या प्रक्रियेतला जवळजवळ प्रत्येक कागद याच एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जन्माला आला आहे, आणि वळिवड्याकडे त्या नजरेने पाहिले तर त्या कागदांचा अर्थ उलगडतो, असे माझे म्हणणे आहे.

दत्तकाची जाण असलेले गाव शोधायचे तर कोल्हापूरइतके दुसरे सापडणे कठीण. १८६६ पासून जवळपास शंभर वर्षांत ही गादी सहा वेळा दत्तकाने पुढे चालली. १८६६ साली गादीवर आलेले राजाराम महाराज दत्तक होते. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला त्यांचे निधन झाले, आणि १८७१ मध्ये नारायणराव भोसले यांना दत्तक घेऊन चौथे शिवाजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. त्यांच्यानंतर १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू. शाहूंचे पुत्र राजाराम १९४० साली वारले, तेव्हा महाराणी ताराबाईंनी १९४२ मध्ये एका तान्ह्या मुलाला दत्तक घेतले. १९४६ च्या सप्टेंबरात, वयाची पाच वर्षे पुरी व्हायच्या आत, तो बाळराजा गेला. मग १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव पवार दत्तक आले, आणि १९६२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घरातून पुढचे दत्तक झाले, ज्यावरून कोल्हापूर पेटून उठले होते. या साऱ्या दत्तकविधानांमागे चोख शास्त्र होते. दत्तकमीमांसा आणि व्यवहारमयूख यांच्या आधारे कोण कोणाला देऊ शकतो, कोण घेऊ शकतो, याचा काथ्याकूट शतकानुशतके झालेला होता. मुंबई इलाख्यात मानल्या गेलेल्या शाखेप्रमाणे विधवेला नवऱ्याने आधी परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येई. बंगालात तसे चालत नसे. इथे लग्न झालेला, मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे, म्हणूनच विक्रमसिंहराव वयाच्या छत्तिशीत एक गादी सोडून दुसरीवर येऊ शकले. देणाऱ्याने मूल हाती सोपवायचे, घेणाऱ्याने मांडीवर घ्यायचे, दत्तहोम करायचा, नवे नाव ठेवायचे आणि साखर वाटायची. इंग्रजांनाही हा विधी अतिशय गांभीर्याने घ्यावा लागला. १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले होते. १८५७ नंतर मात्र संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देऊन सरकारला ते धोरण सोडून द्यावे लागले.

इतक्या बारकाईने रचलेल्या या व्यवस्थेत एक जागा मात्र मोकळी होती. वंश, गादी, श्राद्धाचा अधिकार, मालमत्ता, सगळ्यांची सोय तीत होती, मुलाची नव्हती. मूल नात्यातले किंवा भाऊबंदांतले, जातीतले आणि मुलगाच असावा, या अटी घराच्या गरजेतून आलेल्या होत्या. ते मूल पुढे कसे वाढते आहे हे बाहेरच्या कोणी येऊन पाहावे, अशी तरतूद कुठेच नव्हती. त्याचा परिणाम चौथ्या शिवाजी महाराजांच्या वाट्याला आला. १८७१ साली दत्तक आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. तारुण्यात त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीवर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या हालांबद्दल आवाज उठवला तो 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांनी. त्यासाठी आधार घेतलेली पत्रे न्यायालयात टिकली नाहीत, कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला, आणि टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रे खोटी निघाली, पण महाराजांना वाचवणारे कोणी नव्हते, हे खरेच होते. मुलाच्या बाजूने बोलण्याचा अधिकार असलेली एकही व्यक्ती व्यवस्थेत नसली की ते काम ऐकीव पत्रांच्या आधारे वर्तमानपत्रांना करावे लागते, आणि मग ते असे फसते. शाहू महाराजांचे भाग्य वेगळे निघाले. पण त्याचे श्रेय त्यांना लाभलेल्या माणसांचे, दत्तकाच्या पद्धतीचे नव्हे.

वळिवड्याची छावणी उभी राहिली तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर तो दत्तक बाळराजा होता आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या हाती होता. शहरात एका दत्तक मुलाभोवती सारे संस्थान जपून चालत होते, आणि काही मैलांवर ज्यांचे कोणीच उरले नव्हते अशी शेकडो मुले राहत होती. ही मुले इथवर आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जर्मनी रशियावर उलटल्यावर जुलै १९४१ मध्ये करार झाला, हे कैदी सुटले, आणि जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर त्यांतले काही जण १९४२ मध्ये इराणात पोचले. उपासमारीने आणि विषमज्वराने वाटेतच कितीतरी आईबाप मेले. हल्ली एक गोष्ट मोबाइलवरून फिरते: पोलिश मुलांनी भरलेले जहाज मुंबईच्या बंदरात आले, इंग्रजांनी उतरू दिले नाही, आणि एका महाराजाने ते आपल्या बंदरात बोलावले. ऐकायला ती छान वाटते, पण घडले तसे नाही. भारतात आलेली पहिली मुले अश्काबादहून मालमोटारींतून मशहद, जाहेदान असा डोंगराळ प्रवास करत क्वेट्यामार्गे आली आणि आधी वांद्र्याला राहिली. नंतर नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आपल्या बालाचडी गावी मुलांसाठी वसाहत बांधून दिली. मुले त्यांना बापू म्हणत. जहाजाची गोष्ट मी इतक्या आग्रहाने बाजूला सारते आहे, कारण तिच्यात मुलांचा प्रश्न एका दिलदार माणसाच्या होकारावर सुटतो. खऱ्या हकिगतीत पोलंडचे मुंबईतले वाणिज्यदूत, त्यांच्या पत्नी, रेडक्रॉस, लंडनमधले परागंदा पोलिश सरकार, दिल्लीचे सरकार आणि संस्थानिक अशा अनेकांना एकमेकांशी लिखापढी करावी लागली. ती लिखापढी झाली म्हणून मुले जगली.

वळिवड्याला पोलंडच जणू पुन्हा वसवला गेला. कौलारू बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला खोल्या आणि स्वयंपाकाची जागा, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृह, बालवीर पथके, आणि अनाथ मुलांसाठी वेगळे अनाथालय. शिक्षण पोलिश भाषेत होते. युद्ध संपले की घरी परतायचे, हे गृहीत धरूनच सगळे चालले होते. खर्च लंडनच्या पोलिश सरकारच्या खात्यातून होई, आणि ज्याचे आईबाप नाहीत त्या मुलाचा पालक कायद्याने तेच सरकार होते. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सामधल्या, सोव्हिएत पाठिंब्यावर उभ्या असलेल्या सरकारला ती दिली, आणि एका दिवसात हा पालक नाहीसा झाला. त्याआधीच याल्टाच्या बैठकीत पूर्व पोलंड रशियाच्या पदरात घालण्यात आला होता. म्हणजे ज्या गावांतून या मुलांना हाकलले ती गावे आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. छावणीची जबाबदारी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेकडे गेली. तिचे धोरण निर्वासितांना मायदेशी परत पाठवण्याचे होते. मोठी माणसे नाही म्हणू शकत होती, आणि बहुतेकांनी तसेच म्हटले. पण दहा वर्षांच्या पोराच्या नकाराला कायद्यात काय किंमत? ज्यांनी त्याच्या आईबापांना सैबेरियात धाडले, त्यांच्याच छत्राखालच्या सरकारने त्याच्यावर हक्क सांगितला, तर तो नाकारणार कोण?

इथे दत्तकाचा कागद कामाला आला. अनुराधा भट्टाचार्जी यांनी भारतातल्या पोलिश निर्वासितांवर केलेल्या संशोधनातून पुढे आलेली हकिगत अशी, की बालाचडीतल्या अनाथ मुलांना परत पाठवण्याची वेळ येऊ नये म्हणून जामसाहेब, वसाहतीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुटा आणि इंग्रज संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क या तिघांनी नवानगरच्या न्यायालयात त्यांना दत्तक घेतले. एक हिंदू राजा, एक कॅथलिक धर्मगुरू आणि एक इंग्रज अधिकारी मिळून मुले दत्तक घेतात, याला दत्तकमीमांसेत आधार नव्हता. ब्रिटिश मुलखातही ते जमले नसते. तिथे ख्रिस्ती मुलांसाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा होता, आणि त्याने मिळते ते फक्त पालकत्व. खुद्द इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा १९२६ पर्यंत नव्हता. संस्थानाचा कायदा संस्थानाच्या हातात होता, म्हणून हे घडू शकले. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे करणारे जामसाहेब स्वतः आपले चुलते रणजितसिंह यांना दत्तक गेलेले होते. आणि क्रिकेटमुळे जगभर गाजलेले रणजितसिंह स्वतः लहानपणी दत्तक घेतले गेले होते आणि राजाला मुलगा होताच बाजूला सारले गेले होते. दत्तकाने माणूस राजा होतो आणि रस्त्यावरही येतो, हे ज्या घराला ठाऊक होते, त्याच घराने हा विधी गादीच्या कामातून काढून मुलाच्या रक्षणासाठी वापरला. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि ही मुले वळिवड्याला आली. तिथून फादर प्लुटा यांनी सुमारे ऐंशी मुलांना अमेरिकेतल्या कॅथलिक संस्थांकडे पाठवले. काही मुलांचे नातेवाईक सापडले, काही ब्रिटनला गेली, काही पोलंडला परतली. १९४८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत छावणी रिकामी झाली, आणि तिच्या जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी आले.

यावर एक आक्षेप लगेच येईल. हे दत्तक नव्हतेच, कायद्याची पळवाट होती. ना कोणा मुलाने जामसाहेबांचे नाव लावले, ना कोणी त्यांच्या घरात वाढले, मग याला दत्तकाच्या इतिहासात जागा कशाला? मला वाटते, जागा नेमकी याच कारणासाठी द्यायला हवी. दत्तकातून वंश, वारसा आणि नाव वजा केले की काय उरते, ते इथे दिसते: मुलासाठी उभे राहण्याचा कायदेशीर अधिकार. परदेशी दत्तकाच्या सगळ्या प्रक्रियेचा गाभा तोच आहे; घर, माया, आडनाव हे त्यानंतर येते. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो टाळता येणार नाही. वॉर्साच्या सरकारच्या नजरेने हे सरळसरळ अपहरण होते. १९४९ मध्ये टांगानिकातल्या टेंगेरू छावणीतली सुमारे दीडशे पोलिश मुले इटली आणि जर्मनीमार्गे कॅनडाला नेली गेली, तेव्हा पोलंडने हाच आरोप जगाच्या व्यासपीठावर केला. तो निव्वळ प्रचार म्हणून झटकता येत नाही. छावण्यांतली सगळीच मुले पूर्ण अनाथ नव्हती. कोणाचा बाप सैन्यात होता, कोणाची आई रशियात मागे राहिली होती, कोणाची मावशी पोलंडमध्ये वाट पाहत होती. त्याच वेळी जर्मनीत, नाझींनी पळवून जर्मन घरांत वाढवलेल्या पोलिश मुलांचा शोध चालू होता, आणि त्या घरांतले आईबापही सांगत होते की मूल इथे सुखात आहे. सुखात आहे एवढ्यावर मूल ठेवून घेता येत असेल, तर पळवणाऱ्यालाही तेच म्हणता येते. नवानगरचा कागद याच ठिकाणी लंगडा पडतो. राजाच्या न्यायालयाने राजाच्याच दत्तकाला मंजुरी दिली होती. हेतू निर्मळ होता, पण तो तपासायला वेगळा कोणी नव्हता. हेतू असाच निर्मळ असेल याची हमी पुढच्या वेळी कोण देणार?

पुढची वेळ फार लवकर आली. १९५० च्या दशकात कोरियाच्या युद्धानंतर हजारो मुले अमेरिकेत दत्तक गेली, आणि संकटकाळातला उपाय हळूहळू कायमचा रिवाज झाला. भारतात १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता. सर्वधर्मीयांसाठी १९७२ मध्ये मांडलेले विधेयक विरोधामुळे कधीच मंजूर झाले नाही. त्यामुळे परदेशी दांपत्याला इथे १८९० च्याच कायद्याखाली पालकत्व मिळवायचे आणि मूल आपल्या देशात नेऊन तिथे दत्तक घ्यायचे, असा उलटा रस्ता धरावा लागे. विमानात बसताना मूल पाल्य असे. पुढे ते मुलगा किंवा मुलगी झाले की नाही, हे पाहायला इथले कोणी तिकडे जात नसे. ही फट किती खोल होती ते १९८० च्या दशकात मुंबईतून अमेरिकेत गेलेल्या एका मुलीच्या प्रकरणात दिसले. दत्तक घरांत तिची फरफट झाली, तिच्या नागरिकत्वाचे कागद कोणी पुरे केलेच नाहीत, आणि मोठेपणी हातून गुन्हा घडला तेव्हा २००८ साली तिला भारतात पाठवून दिले गेले. भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही, आणि मुले तिकडे. एक अर्ज वेळेवर भरला गेला असता तर हे टळले असते.

लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पाठवलेल्या पत्रावरून न्यायमूर्ती भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेला निकाल मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. आजच्या प्रक्रियेचा सांगाडा त्यात आहे. मुलाला आधी देशातच घर मिळते का ते पाहायचे. जन्मदात्या आईला विचार बदलायला अवधी द्यायचा. परदेशी दांपत्याची चौकशी त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने करायची, इथल्या संस्थेचे म्हणणे तिसऱ्याच तटस्थ संस्थेने तपासायचे, आणि समजत्या वयाच्या मुलाला त्याची इच्छा विचारायची. वळिवड्याच्या वेळी जे जे नव्हते, ते इथे एकेक करून आले. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा, म्हणजे 'कारा', स्थापन झाली. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने हे सगळे एका जागी आणले. आता मूल इथूनच कायदेशीर दत्तक होऊन निघते. दोन्ही देशांच्या यंत्रणांची संमती, काराचे ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा आदेश, हेग कराराप्रमाणे प्रमाणपत्र, पासपोर्ट, आणि त्यानंतर दोन वर्षे मुलाच्या स्थितीचे अहवाल, असा तो क्रम आहे. चौथ्या शिवाजी महाराजांसाठी असा एखादा अहवाल कोणी लिहिला असता, आणि तो वाचणारे कोणी असते, तर पुण्याच्या संपादकांवर ऐकीव पत्रे छापायची वेळ आली नसती.

पण या कागदांपायी मुलांची वर्षे शिशुगृहात जातात, त्याचे काय? हा आक्षेप मी सर्वांत खरा मानते. दोन वर्षांच्या मुलाला सहा महिने म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा. मोठ्या मुलांना, भावंडांच्या जोड्यांना, आजारी किंवा अपंग मुलांना इथे घर मिळत नाही आणि त्यांना परदेशी आईबापच स्वीकारतात, हेही खरे आहे. मात्र हा वेळ कुठे जातो ते नीट पाहायला हवे. आईला फेरविचारासाठी मिळणारे दोन महिने हा विलंब नाही, तो तिचा हक्क आहे. देशातल्या दांपत्यांना आधी विचारण्यासाठी ठेवलेले साठ दिवसही मुलाच्याच हिताचे आहेत. उशीर होतो तो मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मोकळे झाल्याचे जाहीर होण्याआधी, बालकल्याण समितीतल्या रिकाम्या जागांमुळे, पोलिसांच्या तपासाच्या न येणाऱ्या अहवालांमुळे, आणि ज्या मुलांना कोणी भेटायला येत नाही त्यांची नोंदच दत्तकाच्या यादीत न झाल्यामुळे. त्यावर इलाज माणसे वाढवण्याचा आहे. तपासणीची पायरी काढून टाकली तर आपण परत नवानगरच्या न्यायालयात जाऊन पोचतो, आणि तिथे दरवेळी दिग्विजयसिंहच बसलेले असतील असे नाही.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, तो हाच वेग वाढवण्यासाठी. कायद्याने त्यांना दोन महिन्यांची मुदत आहे. कोल्हापुरातल्या बालकल्याण संकुलासारख्या संस्थेच्या शिशुगृहातले एखादे मूल परदेशी जायचे ठरले, तर त्याची फाइल आता पूर, पीकपाणी आणि निवडणुकांच्या फायलींबरोबर त्याच टेबलावर येते. न्यायाधीशाने मुलाला दालनात बोलावून पाहण्याची, समजत्या मुलाशी चार शब्द बोलण्याची पद्धत होती. ती जिल्हाधिकारी कार्यालयातही पाळली जाते की नाही, हे कोल्हापूरकरांनी विचारत राहायला हवे. नुसता शेरा मारून फाइल पुढे जात असेल तर मुदत पाळल्याचा आकडा चांगला दिसेल, आणि मुलाला मात्र कोणीच पाहिलेले नसेल.